व्हिडिओ लावला की शिकवून झालं का? कॉलेजात नेटचा खरा उपयोग कुणाला झालाय?

खडूफळा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी बीएस्सीला फिजिक्स शिकवतो, चौदा वर्षं झाली.

झालं असं की नवीन शैक्षणिक धोरण आमच्यापर्यंत पोचल्यापासून स्टाफ मीटिंगला दर वेळी एकच विषय, मुलांना 'स्वयम'वरचे (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) कोर्स करायला लावा, क्रेडिटं तिकडून येऊ देत. यूजीसीने २०१६ साली वीस टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती, २०२१ ला ती चाळीस टक्के केली, म्हणजे कागदावर सगळी सोय आहे. मी पण उत्साहाने सेकंड इयरच्या ३८ जणांची नोंदणी करून घेतली, लॅबमधे स्वतः बसून. निम्म्यांचा ओटीपी बापाच्या फोनवर जायचा आणि बाप शेतात, त्यातच दोन दिवस गेले. दुसऱ्या आठवड्यानंतर व्हिडिओ बघणारे उरले पाच. परीक्षेची फी भरली दोघांनी. सेंटर संभाजीनगरला, पहाटेची एसटी धरून गेले बिचारे, एक पास झाला. ३८ मधून एक.

मग म्हटलं घरी बघत नाहीत तर वर्गात दाखवू. प्रोजेक्टर लावला, आयआयटीच्या सरांचं लेक्चर. सर सुंदर शिकवतात, मी स्वतः त्यांच्याकडून शिकलोय. पण सरांनी बोर्डवर एक ओळ लिहिली, हे तर उघडच आहे म्हणाले आणि पुढे गेले, मी वर्गाकडे बघितलं तर कुणालाच काही उघड झालेलं नव्हतं. व्हिडिओ थांबवला, खडू घेतला. तास संपल्यावर हिशोब केला तर ४८ मिनिटांत सर बोलले अकरा मिनिटं आणि मी सदतीस.

तर प्रश्न असा आहे की नेट वापरून शिकवण्याचा (किंवा शिकण्याचा) तुमचा खरा अनुभव काय? अॅपची जाहिरात नको, सर्क्युलरची भाषा तर अजिबात नको.

चहाबाज
सर तुम्ही चुकीच्या कारणासाठी नेट वापरताय, म्हणून अपयश येतंय :) कॉलेजात नेट हे नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, कमिटीला दाखवण्यासाठी असतं. आमच्याकडे स्मार्टबोर्ड आला त्याला तीन वर्षं झाली, वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही कारण रिमोट एचओडींच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली एचओडींकडे. फोटो मात्र प्रत्येक विभागाचा त्याच्यासमोर काढून झालाय, अगदी मराठी विभागाचा पण.

सुपारीबाग
+१ प्लास्टिकला.

मेकॅनिकलवाला
मी पुण्याजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे, आमचा अनुभव थोडा वेगळा म्हणून लिहितो. एनपीटेलचं, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सचं, लोकल चॅप्टर (कॉलेजातलं केंद्र) आहे आमच्याकडे. हा प्रकल्प २००३ चा, सात आयआयटी आणि बंगलोरचं आयआयएससी यांनी मिळून सुरू केलेला, तेव्हा नुसते व्हिडिओ होते आणि आम्ही ते हार्ड डिस्कवर कॉपी करून हॉस्टेलभर फिरवायचो. सर्टिफिकेटवाले कोर्स आले २०१४ ला. कोर्स फुकट, परीक्षेला हजार रुपये, असाइनमेंटचे २५ आणि सेंटरवर बसून दिलेल्या परीक्षेचे ७५ मार्क. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारा असाइनमेंट, त्यातल्या चांगल्या आठ धरतात.

आता खरं सांगतो. आमच्याकडे पास होण्याचं प्रमाण बरं आहे ते व्हिडिओंमुळे नाही. एक म्हणजे पास झालेल्याची फी कॉलेज परत देतं. आणि दुसरं, एका मॅडमनी हट्टाने दर बुधवारी साडेचारला मेंटर तास लावला, तिथे व्हिडिओ कुणी दाखवत नाही, फक्त अडलेलं विचारायचं. ज्या सेमला मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या त्या सेमला आमचा निकाल तुमच्यासारखाच लागला होता सर.

रच्याकने, असाइनमेंटच्या २५ मार्कांवर जाऊ नका. रविवारी प्रश्न येतात, मंगळवारी उत्तरं टेलिग्रामवर असतात. २५ पैकी २४ मिळवणारा पोरगा ७५ पैकी १९ घेऊन येतो. पास व्हायला त्या ७५ मधे निदान तीस लागतात.

टीवाय_रोल४१
मी स्टुडंट आहे, मला बोललं तर चालेल का इथं? सगळे सरच दिसतायत.

आमच्याकडं रोज दीड जीबी असतं. त्यात सकाळी रील, दुपारी मॅच असंल तर मॅच, आणि रात्री अभ्यास, तोवर नेट संपलेलं. हे खोटं नाही सर, पण पूर्ण खरं पण नाही. पूर्ण खरं म्हणजे आम्ही व्हिडिओ बघतोच, पण परीक्षेच्या आदल्या रात्री, अख्खं युनिट दोन तासात, हिंदीतला, दीडच्या स्पीडनं. तो माणूस सांगतो की हा प्रश्न येणारच, आणि येतो सुद्धा, कारण युनिव्हर्सिटीचे प्रश्न तेच तेच असतात. मग मी आयआयटीचे चाळीस तास कशाला बघू तुम्हीच सांगा. परीक्षा तशी असंल तर अभ्यास पण तसाच होणार.

२०२० ला मी शाळेत होतो, मोठा भाऊ कॉलेजला. फोन एक. भावाचं लेक्चर चालू असताना मी शेजारी बसून ऐकायचो, पाण्याच्या टाकीवर चढून, कारण नेट तिथंच यायचं. भाऊ म्यूट करून झोपायचा, सर विचारायचे आवाज येतोय का आणि मी चॅटमधे यस सर टाकायचो. त्याची अटेंडन्स ९४ टक्के होती.

चहाबाज
रोल नंबर ४१, तू आतापर्यंतचा सगळ्यात प्रामाणिक प्रतिसाद दिलास. चहा माझ्याकडून.

लायब्ररीतली
ग्रंथपाल आहे, विदर्भात. आमचं दुखणं कुणी विचारत नाही म्हणून इथे मांडते. एन-लिस्ट नावाची सोय आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची (यूजीसीची ग्रंथालयांसाठीची संस्था). वर्षाला सहा हजारांच्या आत कॉलेजला हजारो जर्नल आणि लाखो ई-पुस्तकं. प्रत्येक प्राध्यापकाला आणि विद्यार्थ्याला वेगळा लॉगिन देता येतो. मी ६०० लॉगिन तयार करून दिले. महिन्याचा वापर बघते तर आकडा दहाच्या खाली, आणि त्यातली मी एक.

कारण शोधलं मी. पहिलं, मुलांचा ईमेल. ईमेल आयडी आहे पण पासवर्ड गावातल्या झेरॉक्सवाल्याला माहीत, कारण फॉर्म भरताना त्यानेच काढून दिलेला. दुसरं, सगळं इंग्रजीत. बीएच्या मुलीला समाजशास्त्रावर काही हवं असेल तर मी सरळ मराठी विश्वकोश उघडून देते, वीसच्या वीस खंड नेटवर फुकट आहेत, तर्कतीर्थांपासूनची मेहनत आहे ती, आणि प्राध्यापक मंडळींना हेच माहीत नसतं की तो नेटवर आहे! एका सरांनी तर मला छापील खंड दे म्हणून भांडण केलं, शेजारीच कॉम्प्युटर चालू होता.

बटाटेपोहे
भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलबद्दल लिहितो. केमिकल इंजिनिअरिंगच्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभं केलेलं काम. दहाएक मिनिटांचे तुकडे, त्यात सायलॅब, पायथन, लाटेक, लिनक्स वगैरे. गंमत अशी की पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहतं, आवाज मात्र मराठीत. म्हणजे 'फाइल मेनूवर क्लिक करा' हे मराठीत ऐकू येतं आणि डोळ्याला इंग्रजी मेनू दिसतो. नोकरीला गेल्यावर मेनू इंग्रजीच भेटणार आहे ना.

पण भाषेपेक्षा मला आवडली ती बसण्याची पद्धत. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, त्याने एक पायरी केली की थांबवायचं आणि आपण करायची. नुसतं बघत बसलात तर काहीच होत नाही, कोरा राहता. आणि हे सगळं डाउनलोड करून बिननेटच्या लॅबमधे चालतं. आमच्या लॅबमधे ४० मुलांना चालू मशीन ११, तरी तीन बॅचेस करून पायथन झालं. खडूसर, तुमच्या ४८ मिनिटांच्या लेक्चरमधे पोरांच्या हाताला काय काम होतं?

खडूफळा
@बटाटेपोहे, काहीच नाही हो. वही पण उघडली नव्हती कुणी. बोललात ते लागलं.

@मेकॅनिकलवाला, तुमच्या बुधवारच्या मॅडमना नमस्कार सांगा.

पानशेतकर
जुनी गोष्ट सांगतो, लांब आहे, चहा घेऊन बसा. २०११. मी पुण्यात शिकत होतो. विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या कॉलेजांमधे एक प्रयोग केला, की विद्यार्थ्यांनी असाइनमेंट म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. कल्पना झकास होती, वहीत लिहून सरांच्या टेबलावर धूळ खात पडण्यापेक्षा जग वाचेल. आम्ही शेकड्यांनी उतरलो. आणि काय केलं? जे जर्नलमधे करत आलो तेच. पुस्तक उघडलं, परिच्छेद उचलला, चिकटवला. मी स्वतः तीन परिच्छेद टाकले होते, आज सांगायला लाज वाटते पण तेव्हा खरोखर कळत नव्हतं की यात चूक काय, नर्सरीपासून 'व्यवस्थित उतरवून काढ' हेच ऐकलेलं!

मग जगभरातले विकिपीडियाचे जुने संपादक चिडले, ते बिचारे फुकट काम करणारे लोक, रात्रंदिवस बसून आमचा कचरा उपसत होते. माझ्या पानावर एकाने अतिशय नम्रपणे लिहिलं की हे तुझे शब्द नाहीत असं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी असाइनमेंट वाचली होती. त्याच वर्षाअखेर प्रयोग गुंडाळला.

आज सगळे चॅटजीपीटीच्या नावाने ओरडतात म्हणून हे आठवलं. उतरवून काढायची सवय नेटने लावली नाही, ती आधीचीच. फक्त आधी हात दुखायचा.

मेकॅनिकलवाला
शेवटचं वाक्य फ्रेम करून स्टाफरूममधे लावतो.

सुपारीबाग
थोडं अवांतर, प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल वीस मीटरची कुठे चांगली मिळते? आमची मधेच हिरवी होते.

चहाबाज
@सुपारीबाग, मंडळाच्या डीजेवाल्याकडे. मी गंभीरपणे सांगतोय.

मिनेसोटाची_थंडी
धागा आवडला. इकडे एका स्टेट युनिव्हर्सिटीत फिजिक्सच्या फर्स्ट इयरला शिकवते. तिकडे असं वाटतं ना की अमेरिकेत सगळं ऑनलाइन छान चालत असेल, तर नाही हो. एमआयटीने २००१ मधे जाहीर केलं की आमचं सगळं कोर्स मटेरियल फुकट खुलं करणार, तेव्हापासून जगातली उत्तम लेक्चर्स कुणालाही बघता येतात. आणि माझ्या वर्गातली मुलं बघत नाहीत. लॉकडाउनमधल्या ऑनलाइन तासांना मुलांचे कॅमेरे इकडे पण बंदच होते.

खडूफळा, तुमचं वाचून मला सारखं वाटत होतं की सगळे नेट एकाच दिशेने वापरतायत, वरून खाली, सरांकडून मुलांकडे. ते उलटं करून बघा. नव्वदीच्या शेवटी इंडियानापोलिसला आणि हवाई दलाच्या अकॅडमीत नोव्हाक आणि मंडळींनी 'जस्ट इन टाइम टीचिंग' म्हणून पद्धत बसवली. तासाच्या आदल्या रात्री वेबवर दोन-तीन छोटे प्रश्न. मुलं चार ओळीत उत्तरं पाठवणार, बरोबर चूक महत्त्वाचं नाही. शिक्षक सकाळी ती वाचणार आणि तास त्या उत्तरांवरून घेणार. अगदी मुलांचीच वाक्यं नावं न घेता बोर्डवर लिहायची. व्हिडिओ नाही, काही नाही. लागणारा डेटा एका फोटोइतका पण नाही.

आणि वर्गात हार्वर्डच्या एरिक माझूरची पद्धत, पर्याय देऊन मत घ्यायचं, शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडायचं, परत मत घ्यायचं. इकडे मत द्यायला क्लिकर (बटणाचं छोटं यंत्र) असतात, तुम्ही पत्रिकेच्या जाड कागदाचे अ ब क ड करा, तेवढंच काम होतं. माझूर स्वतः चांगला शिकवणारा म्हणून नावाजलेला होता, मग त्याने वर्गाला साध्या संकल्पनांची चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं म्हणे की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू की मला वाटतं तशी. तिथून त्याने शिकवायची पद्धतच बदलली.

हो आणि फेटची सिम्युलेशन (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) बघा, कोलोराडोची, कार्ल वीमनने २००२ ला सुरू केलेली. बरीचशी मराठीत पण आहेत, डाउनलोड करून नेटशिवाय चालतात.

तासिकातत्त्व
ताई, पद्धत सुंदर आहे. पण मी सीएचबीवर आहे. माहीत नसणाऱ्यांसाठी, तासाला अमुक रुपये, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, आणि बिल निघतं ते वर्षाच्या शेवटी निघालं तर. दोन कॉलेजं करतो, मधे ३० किलोमीटर मोटरसायकल. रात्री अकराला साठ मुलांची उत्तरं वाचायची त्याचा तास कुठल्या बिलात टाकू? व्हिडिओ लोकप्रिय का आहे याचं उत्तर कुणी देत नाही. एकदा बनवला की माणूस लागत नाही, म्हणून. आमच्या एका संस्थेत मीटिंगला उघड बोलले, लेक्चर नेटवर आहेत तर एवढी पदं कशाला.

लायब्ररीतली
तासिकातत्त्व, अनुमोदन. अगदी पोटातलं बोललात.

आणि एक. प्रश्न व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवणार असाल तर मुलींचा विचार करा. ग्रुपमधे नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्याकडे एका ग्रुपमधून नंबर बाहेर गेला आणि दोन मुलींचं कॉलेज सुटता सुटता राहिलं. तेव्हापासून कित्येक मुली वडलांचा नंबर देतात आणि निरोप त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत.

टीवाय_रोल४१
हे मॅडम खरं बोलल्या. आमच्या वर्गात २३ पोरी, ग्रुपवर ४.

खडूफळा
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी, मधे इंटर्नल होत्या.

मिनेसोटाताईंचं ऐकलं. गूगल फॉर्म केला, ईमेल मागायचा नाही, नंबर मागायचा नाही, फक्त रोल नंबर. फर्स्ट इयरचे ५४ जण. ज्या सात जणांकडे फोन नाही त्यांनी कागदाची चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात टाकायची. मराठीत लिहा म्हटलं, आणि लिहायचा कंटाळा असेल तर बोलून टाईप करा, फोन मराठी ऐकतो हल्ली.

पहिला प्रश्न, दगड सरळ वर फेकला, सगळ्यात वरच्या बिंदूला त्याचं त्वरण किती. ५१ उत्तरं आली. एकावन्न! चौदा वर्षांत 'काही शंका?' विचारल्यावर एकावन्न आवाज मिळून आले नसतील. त्यातल्या ४० जणांचं उत्तर शून्य. मी थक्क, कारण हीच पोरं बारावीपर्यंत गतीची समीकरणं लावून न्यूमेरिकल सोडवून आलीत. एकीने लिहिलं वेग शून्य तर त्वरण कुठून येणार, ओसाड गावाला पाटील कशाला. एकाने लिहिलं, दगड वर जाऊन थोडा विचार करतो मग खाली येतो.

ही दोन वाक्यं बोर्डवर लिहिली, नावं न घेता. हशा. मग म्हटलं शेजाऱ्याशी भांडा. दोन मिनिटांचे सात झाले, शेजारच्या वर्गातून केमिस्ट्रीचे सर डोकावून गेले. आणि मागच्या बाकावरून एक जण, जो वर्षभर बोलला नव्हता, म्हणाला सर त्वरण पण शून्य आणि वेग पण शून्य तर तो दगड तिथंच लटकून राहिला पाहिजे ना, खाली कशाला येईल. झालं. मला त्या दिवशी शिकवायचं काही उरलंच नाही, मी फक्त गुरुत्व त्वरणाचा, म्हणजे 'g' चा, खाली जाणारा बाण काढला.

@तासिकातत्त्व, तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाही. मी कायम आहे, मला पगार पडतो, म्हणून मी हे करू शकतो. वाचायला मला पाऊण तास लागला, पुढच्या वेळी वीस मिनिटं, कारण सगळी वाचायची गरज नसते, तीन-चार प्रकारच्याच चुका असतात. पण ती वीस मिनिटं पण कुणाच्या बिलात नाहीत हे खरंच. प्राचार्यांना विचारलं की हे वर्कलोडमधे धरता येईल का, ते म्हणाले याचं क्रेडिट असतं का?

चहाबाज
प्राचार्यांचं वाक्य वाचून चहा नाकात गेला.

मिनेसोटाची_थंडी
एकावन्न!! अहो माझ्याकडे सक्तीचे मार्क ठेवून पण एवढे येत नाहीत. मार्क ठेवलेत का काही?

खडूफळा
नाही ठेवले. ठेवले असते तर दुसऱ्या दिवशी उत्तरं टेलिग्रामवर असती.

आत्ता रात्रीचे साडेअकरा, उद्याच्या तासाची वाचतोय, ४६ आलीत. प्रश्न होता चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडलं तर आधी काय पडेल. नऊ जणांनी लिहिलंय काहीच पडणार नाही, तरंगत राहील, कारण चंद्रावर हवा नाही. हवा नसेल तर वजन नाही असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. एकाने तर अंतराळवीर बुटात शिसं घालतात असं पण लिहिलंय, हे कुठून आलं देव जाणे. मिनेसोटाताई, हा गैरसमज तुमच्याकडच्या मुलांचा पण असतो का, आणि सरळ चूक आहे न सांगता तुम्ही तो कसा काढता? उद्या पहिलाच तास आहे, सकाळी सात वीसला, त्याआधी जमलं तर लिहा.